लाल लोकर

(दृश्य: कोल्हापूर, राजारामपुरीतलं घर. टेबलावर पृथ्वीगोल.)

नातू न्यूयॉर्कला निघालाय. आजींच्या हातात लाल लोकर. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर. नातू म्हणतो, "आता ताणून धर." धागा ताणला, पण अरबी समुद्राकडं गेलाच नाही. सरकला वर. अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँडची कड, ग्रीनलँडचं टोक आणि मग कॅनडावरून खाली.

"एवढ्या वरनं कशाला जातंय? थंडी न्हाई वाजत?"

जवळची वाट हीच, आजी. भिंतीवरच्या सपाट नकाशात सरळ दिसते ती रेघ लांबची. गोलावर ताणलेला हा धागा सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचा. विमान त्यावरून तंतोतंत उडत नाही. वारा बघावा लागतो, कुणाचं आकाश बंद आहे ते बघावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना वाट बंद केली आणि वळसे वाढले. थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात. येताना थोडे कमी, कारण वरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतो.

(दृश्य: ताणकाटा, लटकलेली बॅग.)

२३ किलो ४०० ग्रॅम. मर्यादा २३ किलोची, काहीतरी काढावं लागणार. कांदा-लसूण चटणीचा डबा तीन पिशव्यांत गुंडाळून आत गेलाय, तो हलणार नाही. एक जाडजूड पुस्तक बाहेर आलं.

(दृश्य: उजळाईवाडी, कोल्हापूरचा विमानतळ. पहाटेची धावपट्टी.)

राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली इथं विमानतळ सुरू झाला. स्वातंत्र्याच्याही आधी! २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत आली. दगडी कमानी बघा, पाहुण्याला कोल्हापुरात आल्याची खूण पटते. धावपट्टी मात्र मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या निम्म्याच्या आसपास. दोन पंख्यांचं छोटं एटीआर विमान उतरताना पाहणं हा आमच्या गावाचा आवडता उद्योग. कुंपणाबाहेर दुचाकी लावून पोरं उभी असतात, आमचा कॅमेरामनही त्यातलाच.

(दृश्य: पुन्हा गोल. मोजपट्टी.)

नातवानं मोजलं. मुंबई-न्यूयॉर्क धागा २९ सेंटिमीटर. कोल्हापूर-मुंबई, हवाई अंतर साधारण ३१० किलोमीटर, म्हणजे सात मिलिमीटर. आजींच्या करंगळीच्या नखाएवढं.

विमानानं हे तासाभराचं काम. पण देशातल्या विमानात सहसा १५ किलोंची बॅग, आणि पुढचं न्यूयॉर्कचं विमान मध्यरात्रीनंतरचं. वेळ जुळत नाही, वजनही जुळत नाही. म्हणून गाडी सकाळी दहाला निघते. खंबाटकी घाट, पुण्याची कोंडी, रात्री आठला मुंबई. इथली धावपट्टी लांबली, संध्याकाळचं विमान लागलं, तर हा दिवस वाचेल.

(दृश्य: उंबरठा. तळहातावर दही.)

(दृश्य: तावडे हॉटेल चौक. गाडी हायवेला लागते.)

दहा वाजून वीस मिनिटं. मागच्या सीटवर काढलेलं पुस्तक. शेवटी हातात घेतलंच त्यानं.