दहा बाय बाराच्या खोलीतला ताप

(दृश्य : पुण्यातली एक वस्ती. भुरभुर पाऊस. गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे वासे. लांबून ढोलाचा सराव.)

निवेदन : गणपती जवळ आले की पुण्यात संध्याकाळी ढोल वाजायला लागतात, आणि सकाळी दवाखान्याच्या पायरीवर चपलांचा ढीग पडतो. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा जोर धरतो. एकदा जानेवारी ते मार्च, आणि पुन्हा पावसाळ्यात, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. म्हणजे ऐन मांडवातल्या गर्दीत.

(दृश्य : वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं.)

२००९ चा ऑगस्ट पुणेकर विसरलेले नाहीत. ३ तारखेला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो इथे, एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, मास्क मिळेनात. लोकांनी रुमाल बांधले. ओढणी गुंडाळून स्कूटी चालवणाऱ्या पुण्याच्या मुलींना त्यात नवीन काही नव्हतं म्हणा. आमच्या घरी प्रत्येकाच्या खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी असायची. वास छान यायचा. विषाणूला त्याचं काही नव्हतं.

ती जागतिक साथ संपल्याचं ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झालं. स्वाइन फ्लूचा तो विषाणू, एच१एन१, मात्र गेला नाही, दरवर्षीच्या फ्लूमध्ये मिसळून राहिला. आपण अजून नावालाच घाबरतो. ‘स्वाइन नाही ना? मग काही नाही, व्हायरल आहे,’ असं म्हणून मोकळे होतो.

(दृश्य : अरुंद जिना. खांद्याला पिशवी लावलेली आशाताई एका दारात थांबते.)

“आजी, तापाचं कोणी आहे का घरात?”

“सून पडलीये परवापासून. चार वाजता चहा टाकला, तोवर बरी होती. चहा गाळेपर्यंत हुडहुडी भरली. अंग नुसतं ठणकतंय म्हणते.”

आशाताई मान हलवते. साधं पडसं हळूहळू येतं, आधी नाक, मग घसा. फ्लू झालेला माणूस बहुतेक वेळा घड्याळ सांगतो. एकदम ताप, अंगदुखी, डोकेदुखी, कोरडा खोकला आणि उभं राहवत नाही असा थकवा. पण पावसाळ्यात डेंग्यूही असतोच. त्यामुळे सर्दी-खोकला नसताना नुसता ताप असेल, तर रक्त तपासून घ्यायला हवं.

(दृश्य : खोलीच्या आत. दहा बाय बारा. एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्यात देव्हारा.)

रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावं, असं पत्रकात छापलेलं असतं. इथे खोली एक आणि माणसं पाच. आशाताई पत्रक पिशवीतच ठेवते आणि अंथरूण सरकवते. सुनेची उशी खिडकीखाली. पाऊस आत येतो म्हणून खिडकीला लावलेला प्लास्टिकचा कागद ती अर्धा सोडवते. आजी आणि नातू समोरच्या भिंतीला, त्यांची डोकी सुनेच्या पायांकडे. मास्क सुनेच्या तोंडाला, पाण्याचा पेला तिचा वेगळा. खोकला पदरात झेलला तर तो पदर रोज धुवायचा. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस लागण पसरू शकते, त्यामुळे घरात शिरकाव झालेला असूही शकतो. तरी हवा खेळती ठेवली, अंतर वाढवलं, हात साबणाने धुतले, की पुढच्या माणसाचा धोका कमी होतो.

“ताई, सुई मारून आणू का हिला? लगेच उतरतो.”

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. ताप उतरवायला पॅरासिटामॉलची गोळी पुरते. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा तेच औषध असतं, म्हणून दोन्ही एकत्र घेऊ नयेत. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नको. बाकी पेज, मऊ भात, पाणी आणि झोप.

फ्लूवरचं औषध आहे, ऑसेल्टामिविर. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी, आणि ते डॉक्टरच देतात. धडधाकट माणसाला बहुधा लागत नाही. गरोदर बाई, वयस्क माणूस, लहान मूल, मधुमेह किंवा दमा असलेला माणूस तापला, तर मात्र घरी वाट बघू नये. आजींना शुगर आहे. उद्या त्यांना कणकण आली, तर उद्याच दवाखाना.

(दृश्य : झोपलेला नातू, वय अडीच. आशाताई त्याची बंडी वर करते. मनगटावरचं घड्याळ.)

आता ती बोलत नाही. नजर मुलाच्या पोटावर, पूर्ण एक मिनिट. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त झाला, तर तो धोक्याचा. तान्ह्या बाळांसाठी हा आकडा वेगळा.

“अडतीस. संध्याकाळी परत बघते.”

मोठ्यांमध्ये धाप, छातीत दुखणं, ओठ-नखं निळी पडणं, गुंगी, थुंकीत रक्त. यातलं एकही दिसलं तर थेट रुग्णालय. आणि एक फसवी खूण, ताप उतरून दोन दिवस बरे जातात आणि तो पुन्हा चढतो. तेव्हा न्यूमोनियाची शंका घ्यायची.

(दृश्य : लसीची कुपी, शीतपेटी.)

लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. त्याच्यावर पाळत ठेवणारी राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था याच शहरात आहे. लसीचा परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून मांडव उभा राहायच्या आधीच ती घेतलेली बरी. ती सगळ्यांना फुकट मिळत नाही. या खोलीत ती कोणीच घेतलेली नाही.

(दृश्य : सून उठून बसलेली, हातात फोन.)

ती चार घरची कामं करते. खाडा झाला की पगार कापतात. ताप औषधाशिवाय २४ तास उतरलेला राहीपर्यंत कामावर जायचं नाही, असं आशाताईने बजावलंय. त्या चार घरांपैकी एकात पंच्याहत्तरीच्या आजी आहेत.

“वहिनी, मला फ्लू झालाय. तीन-चार दिवस नाही जमणार.”

पलीकडे थोडा वेळ शांतता.

“...हो, पण त्यांच्यासाठीच म्हणतेय मी.”

(दृश्य : खिडकी. प्लास्टिकचा अर्धा सुटलेला कागद वाऱ्याने फडफडतो. ढोल सुरू होतात.)