अजून 'अ'च चाललाय

(दृश्य: सकाळ. झाडांआडून दिसणारी काळ्या दगडाची गॉथिक इमारत, टोकदार कमानी.)

पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं 'डेक्कन' सांगितलंत, तर तो तुम्हाला जिमखान्यावर नेऊन सोडेल. 'डेक्कन कॉलेज' म्हणा, म्हणजे रिक्षा नदी ओलांडून येरवड्याकडे वळेल.

पाहुणा आला की आधी त्याला टिळकांची खोली दाखवतात. 1877 साली टिळक इथून बी.ए. झाले. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी तोच अंगात घालणारे आगरकर इथलेच. इतिहासाचार्य राजवाडेही इथलेच. नावं मोठी आहेत, मिरवावीत. पण ही सगळी जुन्या कॉलेजची पुण्याई. आपण निघालोय मागच्या इमारतींकडे.

मुळात 1821 साली विश्रामबागवाड्यात, पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून सुरू झालेली ही संस्कृत पाठशाळा. 1864 मध्ये ती डेक्कन कॉलेज झाली, आणि जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीच्या आधाराने 1868 मध्ये या वास्तूत आली. पुढे 1934 साली सरकारने काटकसरीच्या नावाखाली कॉलेजला कुलूप ठोकलं.

ते कुलूप निघालं माजी विद्यार्थ्यांच्या चिकाटीमुळे. पाच वर्षं त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. एरवी आपल्याकडे माजी विद्यार्थी म्हणजे वर्षातून एकदा स्नेहभोजन आणि ग्रुप फोटो! 17 ऑगस्ट 1939 रोजी दारं उघडली, ती पदव्युत्तर आणि संशोधन संस्थेची. बी.ए.चे वर्ग गेले ते गेलेच.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

सुरुवातीच्या प्राध्यापकांत भाषाशास्त्राचे सु. मं. कत्रे होते, लंडनहून पीएच.डी. करून आलेले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया होते आणि बर्लिनहून पीएच.डी. घेऊन आलेल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. गुजरातेत लांघणजला उत्खननासाठी सांकलिया आणि इरावतीबाई एकत्र गेले. मातीतली दगडी हत्यारं एकाने वाचायची, हाडं दुसरीने. विद्यार्थी हे बघत शिकले.

(दृश्य: पॉटरी यार्ड. पाण्याच्या घमेल्यात खापरं, हातात ब्रश.)

पुरातत्त्वाच्या एम.ए.ला आलेल्या पोरांना वाटत असतं, आपल्याला खजिना सापडणार. मिळतात ती खापरं. ती धुवायची, वाळवायची, मग एकेकावर बारीक अक्षरात लिहायचं : गाव कोणतं, ट्रेंच, म्हणजे खोदलेला चर, कोणता, थर कितवा. थर चुकला, की ते खापर नुसता मातीचा तुकडा.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. 1968 पासून पुढची पंधराएक वर्षं, हंगामामागून हंगाम, तिथे उत्खनन चाललं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. घराच्या जमिनीखाली दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि आत तान्हं मूल. मोठ्या माणसांना पुरताना बऱ्याचदा घोट्याखालची पावलं तोडलेली. गेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून? तसा अंदाज आहे. ती मडकी ज्यांनी ब्रशने मोकळी केली, त्यांत शिकणारी मुलंही होती. त्यांच्या नावाची खोली कुठे नाही.

(दृश्य: कोशविभाग. लोखंडी खणांच्या रांगा. एक खण बाहेर ओढला जातो.)

आणि हा संस्कृत कोश. कत्र्यांनी 1948 साली हाती घेतला. वेदांपासून वैद्यकापर्यंत सुमारे 1500 ग्रंथ वाचायचे, आणि शब्द भेटला की चिठ्ठी करायची. चिठ्ठीवर तो शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचं नाव, स्थळ. चिठ्ठ्या गोळा करण्यातच पंचवीस वर्षं गेली. झाल्या किती? कोटीच्या घरात.

जवळून बघा. कागद पिवळा पडलाय, शाई तपकिरी झालीय. एका चिठ्ठीवर अक्षर टपोरं, तर पुढच्या चिठ्ठीवर मुंग्यांसारखं. खाली सही नाही.

पहिला भाग 1976 मध्ये छापून आला. त्यानंतर तीसहून अधिक भाग निघाले. लिहिणारे निवृत्त झाले, त्यांच्या हाताखाली तयार झालेले संपादक झाले, तेही निवृत्त झाले.

छापील कोश अजून 'अ'मध्येच आहे.

(दृश्य: खण आत सरकतो. शेजारचा उघडतो.)