दाढेचा ठणका आणि दवाखाना उघडेपर्यंतची रात्र

मंडळी, रात्री दाढ ठणकायला लागली की आपण आधी जीभ तिथे नेतो, मग बोट आणि मग टाचणी. यातली फक्त जीभ निरुपद्रवी. टाचणीने कीड निघत नाही, उलट किडलेल्या खड्ड्याचा पातळ झालेला तळ फुटतो आणि आतला गर उघडा पडतो.

हा गर म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा. बोट चेचलं तर सुजतं, कारण त्याला फुगायला जागा असते. दाताचा गर चहूबाजूंनी टणक भिंतीत कोंडलेला असतो. मुळाच्या टोकाशी असलेलं छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, एवढीच काय ती वाट. कीड आत पोचली, गराला सूज आली की तिला पसरायला जागा नाही, म्हणून दाब वाढतो आणि नाडीच्या ठोक्यागणिक कळ येते. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब थोडा वाढतो. दाढ रात्रीच जास्त का छळते, त्याचं हे एक मोठं कारण. तेव्हा पहिला उपाय फुकटचा आहे: दोन-तीन उशा रचून डोकं आणि खांदे उंच ठेवून झोपा.

आता दुखणं नेमकं कसं आहे ते पाहा. थंड लागलं की सणक जाते आणि काही सेकंदांत थांबते, तर गर बहुधा वाचण्यासारखा असतो. गरम लागल्यावर कळ उठून मिनिटं न् मिनिटं राहते किंवा काही न खाता-पिता आपोआप सुरू होते, तर गराची सूज परतीच्या पलीकडे गेलेली असते. अशा दाढेला कधीकधी गार पाण्याचा घोट तोंडात धरला की बरं वाटतं. ही चांगली खूण नव्हे. चावताना एकच दात दुखतो आणि तो उंच झाल्यासारखा वाटतो, तर संसर्ग मुळाच्या टोकाखाली उतरला असेल. वरच्या मागच्या तीन-चार दाढा एकदम जड झाल्या, वाकल्यावर जास्त दुखल्या आणि सोबत सर्दी असेल, तर सायनसचाही संशय घ्या.

औषधांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण घोळ इथेच होतात. दुखणं सुजेचं असल्यामुळे सूज उतरवणारं औषध हवं. निरोगी प्रौढ माणसासाठी आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, पोटात काहीतरी घालून, आणि त्यासोबत पॅरासिटामॉल 500 ते 1000 मिलिग्रॅम. दोन्हींची कामाची तऱ्हा वेगळी, म्हणून एकत्र घेतलेली नुसत्या एकापेक्षा जास्त उपयोगी पडतात. रात्री 9 ला घेतलीत तर पुढची वेळ पहाटे 5 ची, मग दुपारी 1 ची. कळ परत येण्याची वाट पाहू नका. गोळीचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो आणि चढलेला ठणका उतरवणं जास्त अवघड. डॉक्टरांना न विचारता 24 तासांत आयबुप्रोफेन 1200 मिलिग्रॅमच्या वर नाही, पॅरासिटामॉल कुठल्याही परिस्थितीत 4000 च्या वर नाही. वजन 50 किलोच्या खाली असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज मद्यपान असेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

घोळ होतो तो असा. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं, अनेक वेदनाशामक जोडगोळ्यांतही असतं. नावं तीन, औषध एकच, आणि बेरीज कोणीच करत नाही. पाकिटामागचा घटकांचा मजकूर वाचा. आयबुप्रोफेनवर डायक्लोफेनॅक घेणं म्हणजे एकाच जातीची दोन औषधं. आराम दुप्पट होत नाही, जठराचा आणि मूत्रपिंडांचा त्रास मात्र वाढतो. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, रक्त पातळ करण्याची गोळी, वेदनाशामकाने वाढणारा दमा किंवा गर्भारपण, यातलं काही असेल तर आयबुप्रोफेन टाळा आणि डॉक्टरांना विचारा. मुलांची मात्रा वजनावर ठरते, मोठ्यांची गोळी मोडून अंदाजाने देऊ नका. ॲस्पिरिन तर 16 वर्षांखाली नकोच. आणि ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाताशेजारी दाबून ठेवायची चाल कुठून आली कोण जाणे, तिने हिरडी भाजून पांढरी पडते.

बाहेरून शेकायचं ते थंडाने. बर्फ कापडात गुंडाळून गालावर 15 मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. गरम शेकाने रक्त तिकडेच ओढलं जातं, आधीच सूज असेल तर ती वाढते. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरा. घशात गुळण्या नकोत, पाणी दुखऱ्या बाजूला अर्धा मिनिट खळबळवा. याने कोंडलेल्या गराचा दाब उतरत नाही, पण सुजलेली हिरडी, अक्कलदाढेवरची कातडी, अडकलेला कण यांना फायदा होतो. दातांच्या फटीत काही रुतलं असेल तर फ्लॉसने, म्हणजे फटी साफ करायच्या बारीक दोऱ्याने, हळूच काढा. त्या एका कणापायीही रात्र जाऊ शकते.

लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं आणि ते नस थोडी बधिर करतं. दाढेत खड्डा असेल तरच त्याचा खरा उपयोग. चूळ भरून खड्डा कापसाने कोरडा करा. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढ्या कापसावर एक थेंब घ्या, जादा तेल टिपा, चिमट्याने खड्ड्यात ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी काढा. बाटलीतून थेट ओतलं की हिरडी पोळते. लहान मुलांना देऊ नका, ते गिळलं तर घातक ठरतं.

अँटिबायोटिकची उरलेली पट्टी मात्र कपाटातच राहू द्या. ते दाब कमी करत नाही, आणि गर मेला असेल तर रक्तपुरवठाच नसल्याने औषध तिथे पोचतही नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशननेही 2019 मध्ये हेच सांगितलं: दाताचा उपचार होऊ शकत असेल तर बहुतेक रुग्णांना अँटिबायोटिकची गरज नाही.

काही खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका. सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकतेय, जिभेखालचा भाग कडक होऊन जीभ वर उचलली गेलीय, तोंड दोन बोटंही उघडत नाही, गिळताना वा श्वास घेताना त्रास, थंडी वाजून ताप: रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. आणि चालताना जबडा दुखतो, सोबत छातीत दडपण आणि घाम, तर ते दाढेचं नव्हे, हृदयाचं समजून धावा.

एक प्रकार फसवा आहे. दोन दिवस ठणकलेली दाढ अचानक गप्प होते. अशा वेळी बहुधा नस मेलेली असते, आणि पुढे महिन्यांनी तिथेच गळू येतं. तेव्हा थांबलं म्हणून ठरलेली वेळ रद्द करू नका. दंतवैद्यांकडे जाताना कागदावर लिहून न्या: कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता, आणि ठणका गरमाने वाढत होता की थंडाने.