ज्युरी गेली, पंच राहिले

मुला-मुलींनो, मघाशी तुमच्यातल्या एकीनं विचारलं, "सर, आपल्या कोर्टात ज्युरी का नसते?" तिथूनच सुरुवात करू.

ज्युरी म्हणजे सामान्य नागरिकांचं मंडळ. त्यांनी साक्षीपुरावा ऐकायचा आणि आरोपी दोषी की निर्दोष, एवढंच सांगायचं. शिक्षा ठरवणार न्यायाधीश. आपल्याकडेही ती होती. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरचा खुनाचा खटला ज्युरीपुढे चालला. नऊपैकी आठ जण 'निर्दोष' म्हणाले. न्यायाधीशांना ते पटलं नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथं नानावटी दोषी ठरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. या एका खटल्यामुळे ज्युरी गेली असं सर्रास सांगतात, पण कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगानं त्याच्या आधीच, १९५८ मध्ये, ती बंद करायची शिफारस केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मग ज्युरीला जागाच उरली नाही.

सामान्य माणसाचं कोर्टातलं काम मात्र संपलेलं नाही. समजा, आपल्या कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या दुकानात चोरी झाली. दुकानदारानं पोलिसांत तक्रार दिली, तो फिर्यादी. ज्याला पकडलं, तो आरोपी. त्याला गुन्हेगार म्हणू नका. अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. अटकेपासून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. मग पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी किंवा जामीन. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, खटला चालूच राहतो.

आता पोलीस आरोपीच्या घराची झडती घेणार. त्या वेळी परिसरातल्या दोन तटस्थ माणसांना बोलावतात. ते पंच. त्यांच्यासमोर काय मिळालं, कुठं मिळालं, ते लिहितात तो पंचनामा, आणि जप्त केलेला माल म्हणजे मुद्देमाल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार झडतीचं चित्रीकरणही करावं लागतं. पुढं दोषारोपपत्र, म्हणजे पोलिसांनी आरोप आणि पुरावे मांडलेला अहवाल, कोर्टात दाखल होतो, खटला उभा राहतो आणि पंचांना समन्स येतं.

पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेतली की आधी सरकारी वकील विचारतात, तो सरतपास. मग आरोपीचे वकील विचारतात, तो उलटतपास. उलटतपासाला घाबरायचं कारण नाही. पाहिलं ते सांगायचं, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचं. खरी अडचण पुढंच आहे. कितीतरी पंच पिंजऱ्यात येऊन म्हणतात, "माझ्यासमोर काही घडलं नाही, पोलिसांनी सही घेतली." असा साक्षीदार फितूर ठरला, की सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीनं त्याचाच उलटतपास घेतात. त्याची सगळी साक्ष रद्द होते असं नाही, पण पुरावा लंगडा पडतो आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. कधी पोलिसांनी खरोखरच न वाचू देता सही घेतलेली असते. म्हणून तुम्ही मोठे झाल्यावर पंच म्हणून बोलावणं आलं, तर पंचनामा स्वतः वाचा आणि मगच सही करा.

निकाल मान्य नसेल तर वरच्या न्यायालयात अपील. उच्च न्यायालयासाठी आपल्या लोकांना मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं न्यायपीठ, बसतं, कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांसाठी. जिल्हा न्यायालय कसबा बावड्यात आहे. खटले साधारणपणे खुल्या न्यायालयात चालतात, तेव्हा शिक्षकांबरोबर जा, मागच्या बाकावर बसा आणि एक उलटतपास पूर्ण ऐका.