बाळाला हिरवी उलटी झाली तर

[पडद्यावर: पांढरं दुपटं, मधोमध गडद हिरवा डाग]

हा डाग नीट बघा. तीन दिवसांच्या बाळाच्या उलटीचा आहे. जन्मल्यापासून आईच्या दुधाशिवाय पोटात काही गेलेलं नाही, मग हा रंग आला कुठून? हा प्रश्न घरात फारसा कुणाला पडतच नाही, कारण उत्तरं आधीच तयार असतात, गुटी जास्त झाली असेल, बाळंतिणीने काहीतरी वातूळ खाल्लं असेल, ढेकर नीट काढला नाही, नाहीतर मग दृष्ट आहेच.

आता बाळं दूध टाकतातच, त्यात काही विशेष नाही. पाजून खांद्यावर घेतलं की थोडं दूध बाहेर येतं, कधी फुटलेलं असतं, आणि बाळ निवांत झोपून जातं. पण ते पांढरं असतं. हिरवा रंग पित्ताचा. आणि पित्त जठरात नसतं, ते लिव्हरकडून येतं आणि जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला मिसळतं. तिथून ते खाली जायच्या ऐवजी उलट तोंडाकडे येतंय म्हणजे पुढचा रस्ता कुठेतरी बंद असू शकतो. त्यामुळे पेडियाट्रिक सर्जन मंडळी याबाबतीत अजिबात ऐकून घेत नाहीत: नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की आतडं पिळलंय असंच धरून चालायचं, आणि तसं नाही हे तपासणीत दिसेपर्यंत बाळाला घरी सोडायचं नाही.

सगळ्यांचं आतडं पिळलेलं निघतं का? नाही. बऱ्याच बाळांची तपासणी नॉर्मल येते, दोन दिवस सलाईनवर राहून ती दूध प्यायला लागतात. मग घरचे म्हणतात उगाच घाबरवलं. माझं मत विचाराल तर असं उगाच घाबरवणं शंभर वेळा चालेल.

[ॲनिमेशन: गर्भातलं आतडं]

आतडं पिळतं म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घ्यायला आईच्या पोटातल्या सहाव्या आठवड्यात जावं लागतं. तेव्हा गर्भाचं आतडं इतक्या वेगाने वाढत असतं की त्याला पोटात जागाच पुरत नाही, ते चक्क बाहेर नाळेत जाऊन राहतं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत आत येतं, आणि या जाण्यायेण्यात ते घड्याळाच्या उलट दिशेने 270 अंश फिरतं. फिरून झालं की दोन टोकं पक्की होतात, एक वर डावीकडे, दुसरं खाली उजवीकडे जिथे अपेंडिक्स असतं तिथे. या दोन टोकांमध्ये चांगलं अंतर असतं म्हणून सगळं लहान आतडं एका रुंद पडद्यावर ऐसपैस टांगलेलं राहतं.

काही बाळांमध्ये हे फिरणं अर्धवट राहतं. यालाच मालरोटेशन म्हणतात. दोन्ही टोकं जवळजवळ येतात, आणि मग नवजात बाळाचं ते दोन-अडीच मीटर आतडं एका बारीक देठावर लोंबकळतं, ज्यात त्याची मुख्य रक्तवाहिनी असते. अशा देठाला पीळ पडायला काही कारण लागत नाही. गुटीच्या सामानात मुरडशेंग असते ना, सुकलेली, वेढे पडलेली, तसा तो देठ होतो, आणि रक्त थांबतं. आतडं आधी निळं, मग जांभळं, मग काळं. हे सगळं काही तासांत.

आणि इथेच खरी गोची आहे. सुरुवातीला बाळ बरं दिसतं! पोट मऊ असतं, सपाट असतं, कारण अडथळा खूप वर आहे, खाली हवा साठतच नाही. काही बाळांनी पहिली काळी शी सुद्धा व्यवस्थित केलेली असते. मग डॉक्टर पोटावर हात ठेवतात, मऊ लागतं, आई म्हणते एकदाच उलटी झाली, आणि चिठ्ठीवर थेंबांचं औषध येतं. पोट फुगणं, शीतून रक्त, अंग गार पडणं, बाळ मलूल होणं ही लक्षणं पुस्तकात पहिल्या पानावर असली तरी प्रत्यक्षात उशिराची आहेत, त्यावेळी आतड्याचा काही भाग बहुतेक गेलेला असतो. म्हणून उलटीचा रंग महत्त्वाचा. आणि रंग विचारताना सुद्धा "पिवळी होती का हिरवी" असं विचारून भागत नाही, कारण पहिल्या दिवसांचा चीक मुळात पिवळा असतो, त्यात घाबरलेल्या आजीला जे आठवेल ते ती सांगणार. ते दुपटं धुवू नका, बरोबर आणा, नाहीतर मोबाईलवर फोटो काढा. आपल्याकडे आशाताई बाळाच्या तिसऱ्या दिवशी घरी येतेच, वजन करते, ताप बघते, तिच्या हातात एक रंगांचं कार्ड दिलं तर किती सोपं होईल.

[सोनोग्राफीची खोली]

साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नसतं, पीळ असूनही एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो. सोनोग्राफीत आतड्याची धमनी आणि शीर शेजारी शेजारी दिसतात, शीर उजवीकडे हवी. ती जागा बदललेली दिसली, किंवा शीर धमनीभोवती भोवऱ्यासारखी गरगर गुंडाळलेली दिसली की निदान जवळपास झालंच. शंका राहिली तर नळीतून थोडं कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेवर उठून दिसणारं औषध सोडून फोटो काढतात. आतड्याचं पहिलं वळण मणक्याच्या डावीकडे असायला हवं, ते उजवीकडेच राहिलं असेल आणि औषध स्क्रूसारखं वळत खाली उतरत असेल तर संपलं, थेट ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. आणि बाळ खूपच खालावलेलं असेल तर ह्यातलं काहीही करत बसत नाहीत, पोट उघडूनच बघतात.

पण हे सगळं शहरात. मेळघाटातल्या धारणीतून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, मधे घाट. तिकडे बाळाचं पोट फुगलं की भुमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, नेऊन पोटावर तापलेल्या सळीने किंवा विळ्याने चटके द्यायची पद्धत आहे, डंबा म्हणतात त्याला, आणि ती अजून पूर्ण थांबलेली नाही. शहरातले लोक हे ऐकून हळहळतात, पण शहरात तेच बाळ ग्राइप वॉटरवर दोन दिवस काढतं तेव्हा कुणी हळहळत नाही. वेळ दोन्हीकडे जातो.

बाळाला मोठ्या हॉस्पिटलला पाठवताना काय करायचं यातली कुठलीच गोष्ट महाग नाही, एक तोंडातून किंवा नाकातून नळी टाकायची आणि तिचं टोक उघडं ठेवायचं, म्हणजे पित्त बाहेर येत राहतं आणि उलटी फुफ्फुसात जात नाही, दूध पूर्ण बंद, सलाईन चालू, आणि बाळ गरम ठेवायचं, टोपी मोजे घालून, शक्य असेल तर कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरून, कारण गार पडलेल्या बाळाला भूल देणं फार अवघड. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. आईचं सिझर झालेलं असतं, ती मागे राहते, अँब्युलन्समध्ये बाप आणि आजी. आईच्या रक्ताच्या नमुन्याची एक छोटी बाटली बरोबर द्या. बाळाला रक्त लागलं तर मॅचिंगला ते लागतं, नाहीतर ऐन वेळी पळापळ. सरकारी यंत्रणेत एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचं हे नेणं-आणणं आणि उपचार फुकट आहेत, 108 लावा.

[ऑपरेशन थिएटर, फक्त हात दिसतात]

ओटीतला एसी बंद आहे, आणि सर्जनच्या कपाळावर घाम आहे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून अडीचशे मिली रक्त, त्यामुळे इथे भिजलेला प्रत्येक बोळा मोजला जातो. बेंबीच्या वर उजवीकडे आडवा छेद, आणि सगळं आतडं एकदम बाहेर घेतात. पीळ दिसतो. तो बहुतेक वेळा घड्याळाच्या दिशेने पडलेला असतो म्हणून उलट फिरवायचं, एक वेढा, दोन, कधी तीन. मग कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात आतडं गुंडाळून ठेवतात आणि थांबतात. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. कुणी काही करत नाही, भूलतज्ज्ञ ऑक्सिजनवर नजर ठेवून असतो. कापड बाजूला केलं आणि जांभळं गुलाबी झालं असेल तर बरं. काळं राहिलं तेवढं काढावं लागतं. जिथे नक्की कळत नाही तिथे अनुभवी सर्जन घाईने कापत नाही, पोट तात्पुरतं बंद करतो आणि दिवस-दोन दिवसांनी परत उघडून बघतो, कारण इथे वाचवलेला प्रत्येक सेंटिमीटर त्या बाळाला आयुष्यभर पुरवायचा आहे. आतडं फारच कमी उरलं तर बाळ महिनोन्महिने शिरेतून दिलेल्या पोषणावर राहतं, आणि आपल्याकडे ते किती घरांना झेपतं हे तुम्हाला माहीतच आहे.

पूर्वी सर्जन नुसता पीळ सोडवून पोट बंद करायचे आणि बाळ पुन्हा उलट्या करायचं. बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या विल्यम लॅड यांनी 1936 साली दाखवलं की मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपासून निघालेले काही पट्टे लहान आतड्याच्या तोंडावरून जातात आणि त्याला दाबून ठेवतात, ते कापायला हवेत. त्यांचंच ऑपरेशन आजही होतं: पट्टे कापा, देठ शक्य तेवढा रुंद करा, लहान आतडं उजवीकडे आणि मोठं डावीकडे ठेवा. म्हणजे आतडी नॉर्मल जागी आणायची नाहीतच! अर्धवट फिरलेलं आहे तर तसंच, पण सुरक्षित ठेवायचं. मला हे फार आवडलं.

हिरव्या उलटीची बाकीही कारणं आहेत. आतडं जन्मतःच मधे बंद असतं, तो भाग कापून दोन टोकं जोडतात. असं बंद का होतं, तर गर्भातच तिथला रक्तपुरवठा तुटल्यामुळे, हे केपटाऊनच्या लाऊ आणि बर्नार्ड यांनी कुत्र्यांच्या गर्भांवर प्रयोग करून 1955 साली मांडलं, आणि हो, हे बर्नार्ड तेच, ज्यांनी 1967 मध्ये पहिल्यांदा एका माणसाचं हृदय दुसऱ्या माणसाला बसवलं. कधी पहिली शी 48 तासांत होतच नाही आणि शेवटच्या आतड्यात नसांच्या पेशीच नसतात, तो हर्शस्प्रंगचा आजार. आणि काही वेळा तर शीची जागाच तयार झालेली नसते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी लंगोट काढून बघितलेलं नसतं.

पांढरी उलटी सुद्धा एका वयात सर्जनकडे नेते. तीन ते सहा आठवड्यांचं बाळ, जास्त करून मुलगा, प्रत्येक पाजण्यानंतर दूध पिचकारीसारखं लांब फेकतो आणि लगेच पुन्हा भुकेला. जठराच्या दाराचा स्नायू जाड झालेला असतो, सोनोग्राफीत 3 मिलिमीटरच्या वर. ही मात्र घाईची केस नाही, आधी एक-दोन दिवस सलाईनने शरीरातले क्षार ताळ्यावर आणायचे, मगच ऑपरेशन.

सहा-आठ महिन्यांच्या बाळाचं प्रकरण वेगळं, आणि ते जास्त फसवं. बाळ एकदम किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, पाच मिनिटांनी शांत, पुन्हा पंधरा मिनिटांनी तेच. मग शेम आणि रक्त मिसळलेली लाल शी. घरचे म्हणतात दात येतायत, बाहेर म्हणतात आव पडली, अँटिबायोटिक सुरू. खरं तर आतड्याचा एक भाग दुसऱ्यात घुसलेला असतो. वेळेत आलं तर बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, शीच्या जागेतून सलाईन किंवा हवा दाबाने सोडून, स्क्रीनवर बघत बघत, आतडं मागे सरकवतात. नाहीच सुटलं तर पोट उघडतात, आणि तिथे नवीन डॉक्टरला पहिलं हेच शिकवतात की ओढायचं नाही, पुढून दाबत दाबत मागे ढकलायचं, ओढलं की फाटलं.

[वॉर्ड, सकाळ]

ऑपरेशननंतर नळीतलं पाणी हळूहळू हिरव्याचं फिकट आणि मग नितळ होतं, शी होते, मग आईचं काढलेलं दूध, सुरुवातीला नुसतं पाच मिली. टाके फार मोठे नसतात. घरी जाताना सांगितलं जातं की पोटात आतडी एकमेकांना चिकटून पुढे कधी अडथळा येऊ शकतो, त्यामुळे पाच वर्षांनी हिरवी उलटी झाली तरी यायचं, वाट बघायची नाही. आणि डिस्चार्ज कार्ड. लॅड्स ऑपरेशनमध्ये अपेंडिक्स बहुतेक वेळा काढूनच टाकतात, कारण ते आता डावीकडे गेलेलं असतं, उद्या दुखलं तर कुणाच्या लक्षातच येणार नाही. या बाळाची आतडी बाकीच्यांसारखी नाहीत हे कार्डावर लिहिलेलं असतं. वीस वर्षांनी कुठल्यातरी दुसऱ्याच गावात सोनोग्राफीवाला डॉक्टर गोंधळेल, तेव्हा ते कार्ड लागेल. लॅमिनेट करून ठेवा, आणि मोबाईलमध्ये फोटो पण.