कोटाचं एक बटण

नमस्कार श्रोतेहो. 16 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या रमना रेसकोर्सवर पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली, खांद्यावरची पदचिन्हं उतरवली आणि रिव्हॉल्व्हर आपल्या जनरल अरोरांच्या हाती दिलं. सुमारे 93 हजार जण कैदी झाले. त्या लढाईतला बिल्ला, बक्कल, टोपी आपल्याकडे कितीतरी घरांत पत्र्याच्या ट्रंकेत आहे.

कळव्यात माझ्या ओळखीचे एक हवालदार आहेत, वय पंचाहत्तरीचं. लढाईनंतर त्यांची ड्यूटी युद्धकैद्यांच्या छावणीवर लागली. एकदा पहाऱ्यावर असताना त्यांना दिसलं, एक कैदी मांडीवर कोट पसरून अस्तरात काहीतरी शिवतोय. जवळ गेले, तर त्याच्या पलटणीचा पितळी बिल्ला! कैदी दचकून उभा राहिला, बिल्ला मुठीत घट्ट. हवालदार म्हणाले, "बैठ, सी ले." वर त्याचा दोरा कच्चा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी आपल्या डब्यातला जाड दोरा नेऊन दिला. पुढे कैद्यांना परत पाठवायला लागले. गाडीत चढायच्या आधी या माणसानं कोटाचं एक बटण तोडलं आणि हवालदारांच्या हातात ठेवलं. ते बटण मी पाहिलंय. विचारलं, "बिल्लाच का नाही मागितला?" म्हणाले, "बटण दुसरं लावता येतं. बिल्ला त्याच्या पलटणीचा होता."

1949 च्या जिनिव्हा करारातही हेच आहे. कैद्याची पदचिन्हं, राष्ट्रचिन्हं, पदकं, जिव्हाळ्याच्या वस्तू काढून घ्यायच्या नाहीत. हवालदारांनी करार वाचला नव्हता.

घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींत माळाच नसतो, हे मला फार खटकतं. घराला माळा हवाच! माळा नाही, म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत अशा ट्रंका भंगारवाल्याकडे जातात.

तेव्हा एवढं करा. वस्तूसोबत चिठ्ठी ठेवा. कोणाची, कुठली, कशी मिळाली. पुन्हा सांगतो: कोणाची, कुठली, कशी मिळाली. आजोबा आहेत तोवर त्यांनाच विचारून लिहा. पितळ चिंचेनं घासू नका, त्यावरची बारीक अक्षरं झिजतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, सुती कापडात गुंडाळा. आणि चिठ्ठी पेन्सिलनं लिहा. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत शाई पसरते.