पैठण ते तेर, दहा दिवस

(सोलापुरात गेम डिझाइनच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, सोलापूरहून सरळ रेष ओढली तर तेर पाऊणशे किलोमीटरवर येतं. तिथलं लामतुरे संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात हे गाव 'तगर' नावाने येतं. गुजरातेतल्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं त्यात लिहिलंय. तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचला जात असे, हेही लिहिलंय. सातवाहन काळावर टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने खेळायचा, गेम करायचा असेल तर या दोन आकड्यांपासून सुरुवात करा.

नकाशावर पट्टी ठेवा. भडोच ते पैठण सरळ अंतर साधारण 350 किलोमीटर भरतं, पैठण ते तेर साधारण 150. दिवसांनी भागलं तर एकीकडे सतरा-अठरा, दुसरीकडे पंधरा. वळणं आणि घाट धरले तर प्रत्यक्ष चाल याहून जास्त असणार, पण आपला नकाशा सरळ रेषेतच मोजतो, म्हणून दिवसाला 15 किलोमीटर धरू. एक हेक्स, म्हणजे नकाशावरचं षटकोनी घर, 25 किलोमीटरचा आणि एक पाळी पाच दिवसांची ठेवली, तर गाड्यांचा तांडा पाळीला तीन हेक्स जातो आणि पैठणहून निघून दोन पाळ्यांत तेरला पोचतो. चालीचा आकडा असा जमिनीतून काढायचा असतो.

अडचण पुढे येते. पाच दिवसांची पाळी म्हणजे वर्षाला 73 पाळ्या. यात एक-दोन वर्षांचं युद्ध छान रंगतं, दोनशे वर्षांचं राज्य बसत नाही. म्हणून पुष्कळ जण पाळी एका वर्षाची करतात आणि चाल तीन हेक्सच ठेवतात. मग फौज वर्षभरात 75 किलोमीटर सरकते! 'सिव्हिलायझेशन' या संगणक गेमच्या सहाव्या आवृत्तीत नेहमीच्या वेगाला सुरुवातीची एक पाळी 40 वर्षांची असते आणि योद्धे त्यात दोन घरं चालतात. तिथे ते खपतं, कारण सहा हजार वर्षांच्या पटावर सालाचा आकडा फक्त युग कळावं म्हणून असतो. एका घराण्याच्या गेममध्ये मात्र खेळाडूचा विश्वास तिथेच उडतो. वर्षाची पाळी हवी असेल तर चाल हा प्रकारच काढून टाका आणि त्याऐवजी मोहीम ठेवा. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन का, तर पाऊस सरतो, नद्या उतरतात, रानात चारा असतो. दसऱ्याला निघून मृगाच्या आत परत येता येईल एवढ्या परिघात फौज कुठेही जाऊ शकते, असा नियम करा. पावसाळ्यात परमुलखात अडकली तर तिची ताकद घटेल.

परीघ रसदीने ठरवा. माणशी रोज एक किलो धान्य धरलं तर दहा हजारांच्या फौजेला रोज दहा टन लागतं. पाठीवर शंभर किलो वाहणारे शंभर बैल, तेही एका दिवसाच्या धान्यासाठी. वीस दिवसांची बेगमी म्हणजे दोन हजार बैल, आणि ते बैलही चरणार. एवढं गणित मांडलं की फौज नदीकाठ धरून का चालते, वाटेतलं धान्याचं गाव का महत्त्वाचं, हे खेळाडूला समजावून सांगावं लागत नाही.

आता गेमच्या समतोलाकडे येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की एखादं युनिट, म्हणजे फौजेचा एखादा प्रकार, भारी पडलं तर आधी त्याचा आकडा कापू नका. इतिहासात त्याला कशाने आवर घातला होता, ते शोधा. हत्तीचंच बघा. चाचणीत हत्ती सगळं तुडवतो, म्हणून त्याची ताकद 60 वरून 45 केली जाते. मग हत्ती कुणी घेतच नाही, म्हणून किंमत उतरवतात, आणि तोच हत्ती स्वस्तात गर्दी करून परत येतो. खऱ्या हत्तीला रोज दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. शंभर हत्तींना पंधरा टन. ताकद 60 राहू द्या, पण जंगल किंवा नदी नसलेल्या हेक्सवर दर पाळीला 10 जाऊ द्या. उन्हाळ्यात सीना-भीमेच्या माळावर हत्ती नेणारा खेळाडू स्वतःच विचारात पडेल. दुसरा आवर भीतीचा. इ.स.पू. 202 मध्ये झामाच्या लढाईत कार्थेजच्या हॅनिबलने रोमन फौजेवर 80 हत्ती सोडले. रोमन सेनापती स्किपिओने तुकड्यांमध्ये मोकळ्या वाटा ठेवल्या होत्या, बरेच हत्ती त्यातून निघून गेले आणि काही बिथरून हॅनिबलच्याच घोडदळावर उलटले. जखमी हत्ती शेजारच्या कुठल्याही हेक्सकडे धावेल, मग तिथे कुणीही असो, एवढा एक नियम पुरतो. मॅसिडोनियन फॅलँक्सचंही, म्हणजे भालाईतांच्या दाट रांगांचंही, तसंच. पाच-साडेपाच मीटरचे भाले, त्यामुळे समोरून अभेद्य, पण इ.स.पू. 168 मध्ये पिडनाला उंचसखल जमिनीवर रांग फाटली आणि रोमन सैनिक फटीतून आत शिरले. बचाव समोरच्या बाजूलाच द्या, आणि तोही सपाटीवर.

आकड्यांत सर्वाधिक घात होतो तो बोनस साचल्यामुळे. समजा प्रत्येक तुकडीची तब्येत 100, बरोबरीच्या लढतीत घाव 30 चा, आणि ताकदीत सुमारे 17 चा फरक पडला की घाव दुप्पट होतो. फरक 10 असेल तर एकाचा घाव 45, दुसऱ्याचा 20. एक तीन घावांत पडतो, दुसरा पाच. इथवर ठीक. पण टेकडी, सेनापती, धर्म आणि शस्त्र यांचे पाच-पाच मिळून 20 झाले की घाव 67 आणि 13 चे होतात. दोन घाव विरुद्ध आठ! सुटा प्रत्येक बोनस निरुपद्रवी वाटतो, म्हणून चूक महिनोन्महिने सापडत नाही. एकूण बोनसला 12 ची मर्यादा घाला.

ऐतिहासिक अचूकता साधताना चिलखतांवर फार वेळ जातो आणि शेतांकडे कुणी बघत नाही. सोलापूरच्या नकाशावर शेंगा ठेवायचा मोह मला समजतो, पण भुईमूग, मिरची आणि मका हे सगळं अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात आलं. सातवाहनांच्या तेरला कापूस आणि कापड द्या. त्याला आधार आहे.

शेवटी चाचणी. दोन्ही बाजू अगदी सारख्या ठेवून एआयला एआयशी लढवा आणि पहिली पाळी घेणारा किती वेळा जिंकतो ते मोजा. 200 डावांत 54 टक्के आले तर लगेच काही बदलू नका, एवढ्या डावांत सात टक्के इकडेतिकडे नुसत्या योगायोगाने होतात. 2,000 डाव चालवा, तिथे ही फट दोन टक्क्यांवर येते. तरीही 54 राहिले तर दुसऱ्या खेळाडूला पहिल्या पाळीत एक तांडा जास्त द्या आणि पुन्हा 2,000 डाव चालवा.